इस्त्रीची हाक

आमच्या घरी इस्त्री होती, पण इस्त्री केलेले कपडे घातलेलं आम्हाला कोणी पाहिलं नसेल. बाबा तर चुरगळलेल्या शर्टातच जन्माला आले असावेत. तरी ती इस्त्री रोज संध्याकाळी तापायची.

त्याचं असं, की आमची वस्ती डोंगरात, विजेच्या तारांपासून लांब. ओढ्याचं पाणी पाइपातून खाली सोडलेलं, त्यावर एक छोटं टर्बाइन फिरायचं आणि घरोघरचे दिवे लागायचे. ते चालवायचे बाबा. खाली मशीनघरात एकदा शिरले की त्यांना जेवणाचं भान राहायचं नाही. आईचा आवाज मुळात नाजूक, ओढ्याच्या खळखळाटापुढे त्याचा काय निभाव लागणार? मग तिनं युक्ती काढली. स्वयंपाक झाला की इस्त्री लावायची, काढायची, पुन्हा लावायची. साऱ्या वस्तीचे दिवे मंदावायचे, मशीनचा सूर खाली बसायचा आणि तो ऐकून बाबा वर यायचे. दारातूनच म्हणायचे, "आलो गं, घर जाळशील."

शेजारच्या काकू आईला टोमणा मारायच्या, "तुझ्या नवऱ्याच्या जेवणापायी आम्ही का म्हणून अंधारात बसायचं?" आई नुसती हसायची. ते हसणं मला अजून आठवतं.

आता आई नाही. वस्तीत सरकारी लाइन आली. मशीन उद्या काढून नेणार होते आणि बाबांना मी शहरात माझ्या घरी नेणार होते. पण बाबा सकाळपासून मशीनघरात ठाण मांडून बसलेले, पोटात अन्नाचा कण नाही. मी दोनदा खाली जाऊन भांडून आले. "येतो" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. माझं डोकं फिरलं होतं. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती. हा माणूस इथून उठलाच नाही तर?

ताट वाढता वाढता भिंतीवरच्या जुन्या बोर्डाकडे लक्ष गेलं. मशीनची तार त्या एका बोर्डाला अजून होती, बाबांनी ती कोणाला काढू दिली नव्हती. मी माळ्यावरून इस्त्री काढली. लावली, काढली, पुन्हा लावली. खालची घरघर जड झाली.

थोड्या वेळानं पायरीवर चपला वाजल्या.

"आलो गं, घर जाळशील," बाबा म्हणाले आणि मला बघून दारातच थबकले. मला रडू आवरेना. ते हात धुऊन बसले आणि जेवले.

"उद्या पाणी मीच बंद करीन," शेवटी म्हणाले. "त्यांना सांग, मध्ये हात घालू नका."

"बरं."

"आणि तिकडे मला जेवायला कसं बोलावशील?"

"हाक मारीन की, बाबा."

त्यांनी रिकामं ताट बाजूला सारलं.

"हळू मारलीस तरी चालेल," ते म्हणाले. "तिथं कुठं ओढा आहे?"