रोवलेली ढाल

मित्रांनो, खिळ्याला अडकवलेली, एका कानाची गादी फाटलेली आणि अंगावर धुळीचा थर बसलेली ही जी काळी वस्तू तुम्हाला दिसते आहे ना, तो मी. मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गालापासून एक वाकडी दांडी निघते आणि तिच्या टोकाला माइक आहे. म्हणजे मला कान आहेत आणि तोंडही आहे. पण इकडचे तिकडे पोचवायचे, एवढेच माझे काम. स्वतःचे काही बोलायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. आज बोलतो आहे, तर जरा धीराने ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या वायरी जोडल्या, दुसरीने कानांवर मऊ गाद्या चढवल्या. तपासणीच्या टेबलावर बसलेली तिसरी मला डोक्यावर घालून म्हणाली, "हॅलो, ऐकू येतंय का?" तिला उत्तर कुणीच देत नसे. तरी प्रत्येक हेडफोनला ती तितक्याच आपुलकीने विचारायची. मी ऐकलेला तो पहिला माणसाचा आवाज.

तिथून मी दुकानात आलो आणि दुकानातून एका चष्मेवाल्याच्या घरी. ते चष्म्याची भिंगे घासून चौकटीत बसवत. मी त्यांना दादा म्हणतो, कारण माझ्या कानांत त्यांच्यासाठी सगळ्यांत जास्त वेळा हाच शब्द पडला. दादांनी एकसारखे दोन हेडफोन घेतले होते. एक स्वतःला ठेवला आणि दुसरा दूरच्या शहरात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला पाठवला. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. दादा तिला 'छोटे' म्हणत.

बहीणभाऊ फोनवर फारसे बोलत नसत. "बरी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." की संपले. पण दुकानाचे शटर खाली ओढून दादा मागच्या खोलीत संगणकासमोर बसले आणि त्यांनी मला डोक्यावर चढवले, की दोघांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. कारण दोघे मिळून एक खेळ खेळत असत.

त्या खेळात जगभरातले लोक एकाच वेळी येत. प्रत्येकाने एक क्लास निवडायचा, म्हणजे आपण कोण ते ठरवायचे. छोटी वैद्य होती. जखमी साथीदारांना बरे करायची. त्यांचा एक जोडीदार होता, धंद्याने पाववाला, तो तिरंदाज होता. दादा ढालकरी होते. ढालकऱ्याची खुबी अशी, की एक बटण दाबून ठेवले की तो आपली ढाल जमिनीत रोवून उभा राहतो. बटण दाबलेले असेपर्यंत त्याला पाऊलभरही हलता येत नाही, पण त्याच्या मागे जे कुणी उभे असतील त्यांना शत्रूचा मार निम्माच लागतो. दादा जागेवरून ढळत नसत, म्हणून पाववाल्याने त्यांचे नाव 'खांब' ठेवले होते.

काय दिवस होते ते! राक्षस अंगावर चालून यायचा, पाववाला "मेलो, मेलो!" म्हणून ओरडायचा आणि दादा शांतपणे म्हणायचे, "मागे या रे सगळे. मी आहे." ते शब्द पोचवताना मला स्वतःचा अभिमान वाटे.

पुढे खेळात कुरकुर सुरू झाली. ढालकरी फार भारी झाला आहे, असे लोक म्हणू लागले. माणसांनी माणसांशी लढायच्या सामन्यांत दोन ढालकरी शेजारी शेजारी ढाली रोवत आणि त्यांच्यामागून तिरंदाज बाण सोडत बसत. समोरच्याला काही करताच येत नसे. खेळ बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केले, की आम्ही ढालकऱ्यात बदल करणार आहोत, खेळाडूंनी आपली मते मांडावीत. मग काय, जो तो हमरीतुमरीवर आला.

आमच्याकडेही वाद पेटला.

"दादा, खरं सांग," छोटी म्हणाली, "ढाल रोवायला काय अक्कल लागते?"

"लागते तर. कुठे रोवायची याची."

"आणि एकदा रोवली की? बटण दाबून ठेवायचं आणि चहा प्यायचा!"

"चहाबरोबर माझा पाव घ्या," पाववाला मध्येच बोलला.

"तू गप रे. दादा, मी ढीगभर सामने तपासलेत. ज्या बाजूला दोन ढालकरी, ती बाजू जिंकते. म्हणून माझं म्हणणं, दाबून ठेवायची पद्धतच काढून टाका. शत्रूचा घाव पडायच्या अगदी क्षणभर आधी बटण टिचकीसारखं दाबायचं. वेळ साधली तर वाचलास, चुकली तर गेलास. ह्याला म्हणतात कौशल्य."

दादा म्हणाले, "त्यापेक्षा ढाल लवकर थकू दे. हवं तर तिची ताकद कमी करा. पण दाबून ठेवायची रीत मोडू नका."

"का?"

"काहींना तेवढंच जमतं, छोटे."

"हा मुद्दा नाही झाला, ही माया झाली. आकडे दे."

दादांनी माझ्या वायरीवरचे छोटे बटण दाबून माझे तोंड बंद केले. आता त्यांचे बोलणे पलीकडे जाणार नव्हते. दारात वहिनी, म्हणजे दादांची बायको, उभ्या होत्या.

"अहो, सांगून टाका ना तिला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, काय सांगायचे होते ते मला ठाऊक होते. दादांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला होता. मला डोक्यावर चढवताना त्यांची बोटे माझ्या कानांवर टकटक वाजत. चष्म्याचा बारीक स्क्रू चिमटीतून निसटून घरंगळे आणि ते कितीतरी वेळ जमीन चाचपत राहत. डॉक्टर म्हणाले होते, हे हळूहळू वाढत जाणार. खेळातही नेमक्या क्षणाला बोट उचलणे-टेकवणे त्यांना जमेनासे झाले होते. पण ढाल रोवायला बोट लागत नसे. तळहात बटणावर ठेवून भार दिला की पुरे. तेवढ्यावर ते अजून 'खांब' होते.

"सांगितलं तर ती माझा हात बघेल, मुद्दा बघणार नाही," दादा म्हणाले. "दया म्हणून मला जिंकायचं नाही. माझं म्हणणं बरोबर असेल तर ते तसंच पटू दे."

माझे तोंड त्यांनी पुन्हा उघडले ते एवढेच म्हणायला, "बरं, तुझं चालू दे."

एका रविवारी दुपारी कंपनीने सगळ्यांसमोर चर्चा ठेवली. छोटी या खेळावर लेख लिहीत असे आणि ते खेळाडूंत गाजलेले होते, म्हणून तिला बोलायला बोलावले. हजारो लोक ऐकत होते. दादाही ऐकत होते, माझ्यातून. छोटी अशी बोलली, की समोरच्या ढालकऱ्यांची बोलतीच बंद झाली. शेवटी ती म्हणाली, "जो नुसता एका जागी उभा राहतो, त्याला जिंकायचा हक्क कशाला हवा?" केवढ्या टाळ्या पडल्या! माझ्या कानांत आवाज मावेना.

दादांनी मला काढून मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा घातले आणि तिला म्हणाले, "छान बोललीस. अगदी मुद्देसूद." मनापासून म्हणाले हो. बहिणीचे कौतुक त्यांना आधीपासूनच फार होते.

बदल आला. ढाल रोवणे गेले आणि घाव झेलणे आले. दादा सकाळी दुकान उघडण्याआधी एकटेच बसून खेळातल्या सरावाच्या गवती पुतळ्यासमोर सराव करत. कधी बोट उशिरा पडे, कधी थरथरून दोन-तीनदा पडे. पुतळा त्यांना सारखा आडवा करी. माझ्यातून फक्त त्यांचा श्वास जात होता, आणि पलीकडे ऐकायला कुणी नव्हते.

सगळे एकत्र खेळताना तर फजितीच व्हायची. ढालकरी पडला की वैद्य पडे आणि वैद्यामागून तिरंदाज.

"काय रे खांबा, वाळवी लागली का?" पाववाला हसून म्हणाला. दादाही हसले.

"दादा, लक्ष कुठे असतं तुझं?" छोटी चिडली.

"वय झालं गं."

मग दादा येईनासे झाले. आज दुकानात गर्दी आहे, आज डोके दुखते आहे. एकदा छोटीने त्यांना गाठलेच.

"खरं कारण सांगू का तुला? तू रुसलायस. मी जिंकले ते तुला सोसलं नाही. लहानपणी पत्त्यांत हरलास की असाच उठून जायचास!"

माझ्या दांडीजवळ दादांचे ओठ हलले. मला वाटले, आता तरी बोलतील.

"तसं समज," ते म्हणाले.

त्यानंतर दोघांचे बोलणे पुन्हा "जेवलीस?" "जेवले." इतकेच उरले. मी टेबलावर उताणा पडून राहिलो. वहिनी फडके मारताना मला उचलून बाजूला ठेवत, एवढाच कुणाचा हात लागे.

पुढचे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले. बऱ्याच महिन्यांनी छोटीच्या चष्म्याची काडी मोडली. तिचा चष्मा नेहमी दादाच करत. तिने फोन केला तर म्हणाले, "तिकडेच कुठूनतरी करून घे." हे तिच्या मनाला लागले. भांडायचेच असे ठरवून ती न कळवता आली. दुकानात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. वहिनी चौकटीत स्क्रू पिळत होत्या. दादा शेजारी बसून सांगत होते, "हां, अर्धा आटा अजून. बास." त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हाताने त्यांनी तो घट्ट धरून ठेवला होता.

तिघेही मागच्या खोलीत आले. मी तिथेच होतो.

"कधीपासून?" छोटीने विचारले.

"ढालीच्या वादाआधीपासून," वहिनी म्हणाल्या.

छोटी दादांकडे वळली. "दादा, एका शब्दाने सांगायचंस ना! मी तोंड उघडलं नसतं."

"तेच तर. तू गप्प बसली असतीस. मला तुला गप्प करायचं नव्हतं, पटवायचं होतं."

छोटी रडू लागली. "तू म्हणालास, काहींना तेवढंच जमतं. मी आकडे मागितले. काही म्हणजे कोण, एवढंसुद्धा विचारलं नाही रे मी."

दादांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "नवा चष्मा करूया तुला," ते म्हणाले. "वहिनीचा हात बसलाय आता."

घरी परतल्यावर छोटी स्वतःच्याच विरुद्ध उभी राहिली. ढाल थकू द्या, पण दाबून ठेवायची रीत परत आणा, असे ती जिथे तिथे मांडू लागली. लोकांनी तिची टर उडवली. "बाई, काल एक बोलता, आज एक!" तिने दादांच्या हाताचे नाव काढले नाही. दादांचेच म्हणणे तिने आकड्यांनिशी सिद्ध केले. वादातून आजवर तिला टाळ्या मिळत होत्या. आता शिव्या मिळाल्या. तरी ती मागे हटली नाही. शेवटी कंपनीने ऐकले. ज्याला हवे त्याने टिचकीने घाव झेलावा, ज्याला हवे त्याने ढाल रोवावी. रोवलेली ढाल मात्र लवकर थकेल. दादांनी पहिल्या दिवशी सांगितले होते, अगदी तेच.

छोटी ही बातमी घेऊन खेळात आली. दादांनी कितीतरी दिवसांनी मला डोक्यावर घेतले. खरे तर वहिनींनी चढवले, दादांचे हात आता तेवढे वर जात नव्हते. राक्षस आला. दादांनी तळहात बटणावर टेकवला आणि ढाल रोवली गेली. पण दुखणे थांबले नव्हते. मधल्या काळात ते खांद्यापर्यंत चढले होते. तळहात घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला.

"छोटे, पळ," दादा म्हणाले. "ढाल राहत नाही."

वैद्याला पळता येत होते. छोटी पळाली नाही.

पडद्यावर दोघे शेजारी शेजारी पडून होते. 'पुन्हा सुरू करा' असे खाली लिहून आले. कुणीच ते दाबले नाही. मग छोटीने विचारले, "दादा, खूप दुखतं का रे?"

"दुखत नाही," दादा म्हणाले, "पण भीती वाटते."

इतक्या वर्षांत माझ्यातून गेलेले सगळ्यांत खरे वाक्य तेच. मित्रांनो, ते आधी गेले असते तर! मध्ये किती महिने फुकट गेले, आणि त्या महिन्यांत दादांचा तळहात अजून बटणावर टिकत होता.

तो आमचा शेवटचा खेळ. छोटी आता सुट्टी मिळाली की स्वतःच येते. समोरासमोर बसलेल्यांना हेडफोन लागत नाही, म्हणून वहिनींनी मला पुसून या खिळ्याला अडकवले. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्या वाया गेलेल्या संध्याकाळींचे.

मुलांनो, तुम्हीही खेळाल, आपापला क्लास निवडाल आणि त्यावरून कडाकडा भांडाल. भांडा, आकडे काढा, मुद्दे मांडा. पण पलीकडचा एकदम गप्प झाला, तर आपण जिंकलो असे लगेच समजू नका. त्यानेच आपल्या हेडफोनचे तोंड बंद केलेले असू शकते. थोडे थांबा, आणि त्याला नाव घेऊन हाक मारा.