अनुक्रमांक सात

विषय : निर्लेखन यादीतून नाव वगळणेबाबत.
संदर्भ : वाचनालयाची 'जीर्ण व निरुपयोगी ग्रंथ' यादी, अनुक्रमांक सात.

वरील संदर्भातील अनुक्रमांक सात म्हणजे मी, मृदाशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ. छापला गेलो इंग्रजीत. पण बत्तीस वर्षे या जिल्ह्यात काढल्यामुळे मराठीत निवेदन करण्यास अडचण नाही.

माझा पहिला मालक परभणीला शेतकी शिकला. त्याने पहिली चाळीस पाने लाल पेन्सिलीने अधोरेखित केली, पुढची केली नाहीत. माणसाचा उत्साह कोणत्या पानावर संपतो, हे पुस्तकाइतके कोणालाच ठाऊक नसते. नोकरी लागल्यावर त्याने मला गंगाखेडच्या एका विहारातील वाचनालयाला दिले. आमच्याकडे चौदा एप्रिलला हारांऐवजी वह्या-पुस्तके आणण्याची चांगली रीत आहे. अलीकडे मात्र सगळे भरतीची गाइडेच आणतात. कपाटात गाइडे वाढत गेली आणि मी बाहेर टेबलावर आलो.

वाचनालय सांभाळतात कमलबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका. पंख्याने वर्तमानपत्रे उडू नयेत म्हणून त्यांनी मला वर ठेवले. अकरा वर्षे मी बातम्या दाबण्याचे काम केले. मग वाचनालयाच्या समितीने मला रद्दीत काढायच्या यादीत घातले. शेरा : 'कोणी वाचत नाही.'

त्याच आठवड्यात राणीसावरगावची सुकेशनी आली. बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला. तिला एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची होती, तीही एकदाच. जागा मिळाली नाही तर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभे राहायचे, हे घरात ठरले होते. बरोबर तिचा चुलतभाऊ सिद्धोधन होता. त्याने कपाटातले सर्वांत जाड, शेतकीचे गाइड काढून तिच्यापुढे आपटले.

"हे घे. धा हजार प्रश्न हायती. डोळे झाकून पाठ कर."

"दादा, तू ह्याच कंपनीचं वाचून चार वेळा भरती दिलीस ना?"

"दिली की."

"लागलास का?"

"त्यात पुस्तकाचा दोष न्हाई," सिद्धोधन म्हणाला.

सुकेशनीची पुस्तक पारखण्याची पद्धत वेगळी होती. जे आपल्याला पक्के ठाऊक आहे, ते पुस्तक कसे सांगते, ते आधी बघायचे. तिने गाइडमध्ये काळ्या मातीचा प्रश्न काढला. उन्हाळ्यात या मातीला भेगा कोणत्या खनिजामुळे पडतात? गाइडचे उत्तर होते केओलिनाइट.

तिने इकडेतिकडे पाहिले आणि वर्तमानपत्रांवरून मला उचलले. माझ्यात उत्तर होते माँटमोरिलोनाइट, जे पाण्याने फुगते आणि वाळले की आकसते. शेजारी भेगाळलेल्या रानाचे छायाचित्रही.

"गेल्या वैशाखात आमच्या वावरात भेगेत पाय गेला माझा. तीन आठवडे लंगडले," ती म्हणाली. "केओलिनाइट असतं तर पाय शाबूत राहिला असता. कमलकाकू, मला हे पाहिजे."

कमलबाईंनी चष्मा पुसला. "ते यादीत हाय बाई. यादीतलं पुस्तक देता येत न्हाई." मग थोडा विचार करून त्यांनी नोंदवहीत लिहिले : 'वर्तमानपत्रांवरील वजन, एक नग, वापरास दिले.'

अशा रीतीने मी राणीसावरगावला गेलो. सुकेशनीने गाइडही नेले होते. प्रश्न त्याचे, उत्तरे माझी. दोन महिन्यांत तिने गाइडमधली एकशे बारा उत्तरे खोडली. मध्येमध्ये सिद्धोधन येऊन विचारी, "आज किती मेली?" आणि आकडा ऐकून त्याचा चेहरा पडे. एके दिवशी त्याने स्वतःचे गाइड आणून विचारले, "ह्याच्यात बी असलंच असंल का?" ती म्हणाली, "तुला पक्कं ठाऊक असलेलं एक काढून बघ." तो बराच वेळ पाने उलटत राहिला.

माझ्या एकेचाळिसाव्या पानापासून पुढे प्रथमच पेन्सिल चालली. शेवटच्या पानापर्यंत.

निकाल लागला. गुणवत्ता यादीत सुकेशनी सोळावी. पहिल्याच फेरीत, मृदाशास्त्रालाच प्रवेश. वाचनालयात ही बातमी सिद्धोधनने इतक्या मोठ्याने सांगितली, की टेबलावरची वर्तमानपत्रे त्याच्या आवाजानेच उडाली असे वाटले. पण तो पंखा होता; मी सुकेशनीच्या हातात होतो.

सुकेशनीने मला टेबलावर ठेवले आणि पेढ्यांचा पुडा उघडला.

"पहिला मला दे. वजन मी दिलं," कमलबाई म्हणाल्या.

"दुसरा तुमाला," म्हणत तिने पहिला पेढा माझ्या कव्हरावर ठेवला. त्याचा तुपाचा डाग अजून आहे. माझ्यावर चहाचे डाग सात आहेत. त्यांच्याबद्दल मी कधी बोलत नाही. याच्याबद्दल कोणालाही सांगतो.

त्यानंतर तीन मुलींनी येऊन 'ते वजन' मागितले आहे. कमलबाईंनी माझे नाव यादीतून वगळण्याचा अर्ज समितीला दिला. समितीचे म्हणणे असे : नोंदवहीप्रमाणे हे पुस्तक अकरा वर्षांत कोणीही नेलेले नाही, एक वजन तेवढे गेले होते, ते परत आले. शिवाय कव्हरावर नवा डाग आढळतो. तरी पुस्तक वाचल्याचा पुरावा जोडावा.

कमलबाईंनी पुरावा म्हणून सुकेशनीला प्रवेश मिळाल्याच्या पत्राची प्रत जोडली आहे. मी तूर्त वर्तमानपत्रांवर आहे. अर्ज प्रलंबित आहे.