आईचा जांभळा निवडुंग

आई गेल्यावर दोघा भावांत वाटून घेण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं, तरी बोलणं बंद व्हायचं ते झालंच. धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. थोरला रंगारी, आणि जीभ अशी की भिंतीला लावली तर पोपडे निघावेत. आईची शेवटची वर्षं धाकट्याकडे गेली. तिचा फड्या निवडुंगही त्याच्याच गच्चीवर राहिला.

निवडुंग मोठा देखणा. तळहाताएवढे चपटे फडे एकातून एक फुटलेले, पिकल्या जांभळावर असते तशी पांढुरकी झाक आणि कडांना गडद जांभळा रंग. लोक फड्यांना पानं म्हणत. "पानं नव्हेत, खोड आहे ते," असं धाकटा येईल त्याला ऐकवी. खरी पानं कोवळ्या फड्यावर टाचणीच्या टोकासारखी येत आणि कुणाचं लक्ष जायच्या आत गळून पडत. लांब काटे मोजकेच, म्हणून नवखा माणूस बेधडक हात घाली आणि पस्तावे. खरी मेख फड्यांवरच्या ठिपक्यांत होती. प्रत्येक ठिपक्यात केसाहून बारीक, आकडेदार कुसांचा झुबका.

त्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा कळी धरली आणि एका सकाळी ती उमलली.

"भाऊजींना बोलवा," बायको म्हणाली. "फूल काही उद्यापर्यंत थांबायचं नाही."

"तो यायचा नाही."

"बोलवून तर बघा. नाक कापलं जात नाही त्यानं."

दादा आला. कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे, तसाच कामावरून. फूल लिंबासारखं पिवळं, तळाशी लालभडक. धाकट्यानं काडीनं आतल्या केसरांना हलकेच स्पर्श केला, तसे ते सगळे मधल्या दांड्याकडे झुकले.

"अरे, लाजतंय की!" दादा खळखळून हसला. "बघू, मला दे काडी."

घटकाभर दोघं डोक्याला डोकं लावून बसले. मग दादा म्हणाला, "आईला दाखवायला हवं होतं रे हे."

"फूल सोड. तू तरी कधी तोंड दाखवलंस तिला?"

शब्द सुटला तो सुटला. दादा ताडकन उठला. "या झाडात माझाही वाटा आहे," म्हणत त्यानं एक फडा मुठीत धरून पिरगळला. सांध्यावर तो अलगद तुटला आणि दादा कळवळला. धाकट्यानं धावत जाऊन भिंग नि चिमटा आणला.

"हात दे इकडे."

"राहू दे. तुझ्या हातून बरं व्हायचं नाही मला."

फडा वर्तमानपत्रात गुंडाळून तो जिना उतरला. दिवेलागणीला फूल मिटलं.

थंडीत दादाचा फोन आला. "बारक्या, नकली माल दिलास मला. हिरवागार झालाय. जांभळ्याचा मागमूस नाही."

"ठेवलायस कुठं?"

"स्वयंपाकघरात. रोज पाणी घालतो."

"मग हिरवाच होणार. त्याला कडक ऊन लागतं, थंडी लागते, तहानलेला ठेवावा लागतो. तेव्हा कुठं चढतो तो रंग."

"शेवटी आईचे ओठही तसेच जांभळे झाले होते," दादा म्हणाला. "तुझ्या घरी." आणि त्यानं फोन ठेवला.

आईचं हृदय दमलं होतं, पाय सुजले होते. पाणी मोजूनच द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "अजून घोटभर दे रे," असं ती म्हणायची, आणि भांडं उचलून आत ठेवायचं काम धाकट्याच्या वाट्याला यायचं. दादाला हे सगळं ठाऊक होतं. नाही म्हणायची पाळी मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती.

धाकटा गच्चीवर गेला आणि त्यानं अख्खी बादली कुंडीत रिती केली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. बायको दारात उभी राहून बघत होती.

"थंडीत पाणी घातलं की कुजतो, असं तुम्हीच सांगत होतात ना?"

"सांगत होतो."

बुंधा लिबलिबीत झाला. एका सकाळी सगळे फडे आपल्याच भारानं कोसळले. घाण वास सुटला होता. धाकट्यानं हातमोजे चढवून ते पोत्यात भरले आणि कचऱ्यात टाकून आला.

जाऊबाईंकडून बायकोला कळलं, की दादांचं झाड खिडकीच्या गजांपर्यंत पोचलंय. जेवताना तिनं विषय काढला. "एक फडा मागून आणा ना. नुसता मातीवर टेकवला तरी रुजतो."

"हिरवा आहे तो," धाकटा म्हणाला. त्यानं पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि मान खाली घालून जेवण संपवलं.