बघा जरा!

भारतीची जीभ तिखट, आणि मोबाईलवर चालणारी बोटं त्याहून तिखट. देशपांडे नगरातल्या एका खासगी दवाखान्यात अठरा वर्षं नर्स, त्यामुळे घराण्यात कुणाला साधी शिंक आली तरी फोन तिलाच. ‘अक्काला विचारा’ म्हटलं की विषय संपला.

त्या सोमवारी तिच्याकडे एक व्हिडिओ आला. पांढरा कोट चढवलेला कुणी एक बाबा सांगत होता, इन्सुलिन म्हणजे विष, फेकून द्या, सात दिवस कडू काढा प्या. भारतीचं डोकंच फिरलं. ‘मेल्याला हा कोट दिला तरी कुणी’ असं पुटपुटत तिनं व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघा जरा!’ म्हणजे, काय थापा मारतात बघा. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. पुढचं लिहायचं राहिलं, ते राहिलंच.

तिचा धाकटा भाऊ रवी उणकलला राहतो, नव्या इमारतींत फरशी बसवतो. त्याची पिंकी अकरा वर्षांची. तिला शुगर निघून चार वर्षं झाली, दिवसाला इन्सुलिनच्या चार सुया. पोरीचं पोट टोचून टोचून निबर झालेलं. रवीनं ते दोन शब्द वाचले आणि त्याला आनंदानं रडूच फुटलं. अक्का म्हणतेय, करून बघा! अठरा वर्षं नर्स असलेली बाई उगाच म्हणेल होय? त्यानं सुया कपाटात ठेवल्या आणि काढा उकळायला घेतला.

शुक्रवारी सकाळी तो पिंकीला खांद्यावर टाकून अक्काच्या दवाखान्यात धावत आला. पोरगी भात्यासारखा श्वास घेत होती, तोंडाला पिकून गेलेल्या फळाचा वास. भारतीला दारातच कळलं.

“इन्सुलिन कधी दिलंस शेवटचं?”

“सोमवारी. तूच लिहिलंस की अक्का, बघा जरा. म्हणून बघितलं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती खात्री होती. भारतीकडून पिंकीची शीर दोनदा चुकली. दुसऱ्या नर्सनं सलाईन लावलं. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण दुपारी तीनला पिंकी गेली.

“यार हेळिदरु? इन्सुलिन बंद करायला कुणी सांगितलं?” डॉक्टर संजीव कागद भरता भरता आधी कानडीत, मग मराठीत विचारत होते.

रवीनं बहिणीकडं बघितलं. तिच्या अंगावर दवाखान्याचे कपडे होते.

“कुणी नाही, सर. माझंच डोकं फिरलं.”

भारतीनं तोंड उघडलं. नोकरी डोळ्यांपुढं आली, सगळं घराणं डोळ्यांपुढं आलं, आणि तिनं ते मिटलं. डॉक्टरांनी लिहिलं, ‘वडिलांनी स्वतःहून बंद केले.’ कागद ड्यूटीवरच्या नर्सच्या सहीसाठी तिच्याकडं आला. तिला स्वतःची किळस आली, तरी तिनं सही केली.

बाहेर बाकावर रवी तिच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, “अक्का, खरं सांग. तिला त्रास नसेल ना झाला?”

“नाही रे,” भारती म्हणाली.

आणि त्याला ते पटलं.