मी पकडलेली धडधड

मित्रांनो, मी एक जुना होल्टर आहे. साबणाच्या वडीएवढा जीव, पट्टा झिजलेला. माणसाच्या छातीला तारांनी चिकटून त्याच्या हृदयाचा ठोका न् ठोका टिपायचा, हे माझे काम. उमेदीत मला क्षणाची उसंत नसे. मग चिकटपट्टीएवढी नवी यंत्रे आली आणि खांदेश्वरच्या दवाखान्यात माझी रवानगी खणात झाली. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले.

एकदा नवी यंत्रे सगळी बाहेर गेली होती, म्हणून डॉक्टर सुचित्राबाईंनी मला पुतळाबाईंना बांधले. त्या मोऱ्याच्या बंदरावर मासळी विकतात. टोपली उचलली की त्यांचे काळीज एकाएकी उधळे, डोळ्यांपुढे अंधारी येई. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे शांत. कोणी टेन्शन म्हणे, कोणी वय. मुलगा कुंदनने तर निर्वाणीचे सांगितले होते, "कारन सापडला नाय तर धंदा बंद, आय." तीस वर्षांचा धंदा सुटणार, या धास्तीने त्यांना घास गिळवेना.

घरी जाताच कुंदनने आईला खुर्चीत बसवले. "हलू नको. मशीन हाय, धक्का लागंल." चोर पकडायला आलेल्या हवालदाराला जेवू घालून झोपवावे, तशी माझी गत झाली. चोवीस तास मी सरळ ठोके मोजत बसलो.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, बसून कसं कळणार? परत लावते. रोज करता ते सगळं करा."

दुसऱ्या दिवशी बंदरावर टोपली उचलली आणि धडधड सुरू झाली. मिनिटाला एकशे नव्वद. मी एकही ठोका सोडला नाही.

"हृदयात विजेची एक जादा वाट दिसतेय," माझी नोंद पाहून डॉक्टर म्हणाल्या. "ठोके मंद पडणाऱ्यांना पेसमेकर लागतो, तुमचं तसं नाही. तुम्हाला गोळ्या देता येतील, नाहीतर मांडीतल्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक तार नेऊन ती वाटच बंद करता येईल."

"गोल्या घेतल्यावर परत येनार नाय ना?" पुतळाबाईंनी विचारले.

"येऊ शकतं."

"मंग तार घाला." कुंदनचा चेहरा उतरला, आईचा नाही.

तार घालून ती वाट बंद झाली आणि तीन महिन्यांनी खात्रीसाठी पुन्हा तपासणी ठरली. समोर नवी यंत्रे असताना पुतळाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "ह्योच लावा. ह्यानंच खरा सांगितला." मित्रांनो, मी धन्य झालो. त्या दिवशी त्या लिलावात भांडल्या, दोन टोपल्या वाहिल्या, आणि ठोके शहाण्या मुलांसारखे रांगेत चालले. कुंदन मदतीला पुढे झाला.

"सोर ती टोपली," त्या म्हणाल्या. "धंदा माझा हाय."

मित्रांनो, घरातल्या कोणाची धडधड टेन्शन म्हणून उडवून लावू नका. आणि मला छातीवर बांधाल तेव्हा मला जपत बसू नका. रोज जगता तसे जगा. टिपायला मी आहे.