कपाट जागेवरच ठेवावे

मुलांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. सध्या माझा मुक्काम मागच्या अंगणात, प्लास्टिकच्या कागदाखाली आहे. एक दार निखळले आहे. अशा अवतारात कोणी आपली ओळख करून देत नाही, पण सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

एका म्हाताऱ्या सुताराने मला एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचांत खाचा बसवून घडवले. चाळीस वर्षे मी बसायच्या खोलीत मिरवले. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि मी मनात फुगत असे.

मग मालकांनी घर विकायला काढले. मागच्या खोलीच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग होती. पाणी मुरून भिंत पुढे आली होती. मालकांनी चौघांकडून मला उचलवून तिच्यापुढे उभे केले आणि कोणी सरकवू नये म्हणून रद्दीने गच्च भरले. माझी पाठ ओली झाली, तेव्हाच मला सारे कळले.

घर बघायला एक सुतार आणि त्याची बायको आली. सुताराच्या वडिलांना जिने चढवत नव्हते, म्हणून त्यांना बैठेच घर हवे होते. दारात आणखी तीन कुटुंबे ताटकळत होती.

"हे जरा सरकवून बघूया का?" बायकोने विचारले.

"अगं, रद्दीनं भरलंय ते. आणि बघ तरी, एक खिळा नाही! असं कपाट जपणारा माणूस घराची हेळसांड करेल का?"

माझे इतके कौतुक आयुष्यात कोणी केले नव्हते. त्याची आज मला लाज वाटते.

घर दाखवणारा दलाल हळूच म्हणाला, "पाचपर्यंत बंद पाकिटात तुमची किंमत द्या. आकडे सगळ्यांचे उन्नीस-बीसच आहेत. घर आधी तपासून घ्यायची अट काढलीत, तर घर तुमचंच समजा."

सुताराने कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्याच दारावर कागद टेकवून लिहिले : 'घर आहे तसे घेऊ. तपासणी नको. कपाट मात्र जागेवरच ठेवावे.'

घर त्यांना मिळाले. न्हाणीघर जवळ म्हणून वडिलांची खाट माझ्यासमोरच टाकली. ते माझ्या कडीला सदरा अडकवत.

"अरे, इथं ओलीचा वास येतो रे," ते एकदा म्हणाले.

"जुनं घर आहे बाबा, थोडा यायचाच."

तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी भिंत कोसळली आणि तिने मला खाटेवर ढकलले. बाबा झोपले होते. माझे एक दार तेवढे निखळले, पण एकही सांधा सुटला नाही. सुटला असता, तर कदाचित ते वाचले असते.

सुतार दोनदा कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी आला आणि दोन्ही वेळा ती न उगारताच परत गेला. आता तो माझ्याकडे बघत नाही. त्याची बायको तेवढी माझ्यावरचा प्लास्टिकचा कागद उडाला की पुन्हा नीट घालते.

मुलांनो, तुम्हीही कधीतरी घर घ्याल. दारात कितीही माणसे उभी असोत, कोणी कितीही घाई करो, भिंतीला लावलेले कपाट आधी सरकवा. जड असेल तर रिकामे करा. माझ्यातली रद्दी काढायला त्या दोघांना अर्धा तास पुरला असता.