तांदळाच्या डब्यातल्या पाटल्या

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. चांगला उभा, पाच किलो तांदूळ सहज मावणारा. माझं झाकण आता जरा सैल झालं आहे आणि कुशीत एक पोचा आहे, पण पोटावरची अक्षरं अजून स्पष्ट दिसतात: ‘चि. सौ. कां. कुंदा हिस मामाकडून सप्रेम भेट’. सांगलीच्या दुकानदाराने ती यंत्राने कोरली तेव्हा मला अशा गुदगुल्या झाल्या की सांगता सोय नाही. त्या दिवशी दुकानातल्या बिननावाच्या डब्यांकडे मी जरा ताठ मानेनेच पाहिलं.

लग्नानंतर कुंदाताईंनी मला शारजाला आणलं. अल मजाज भागात, लगूनच्या पाण्याकाठी उंच इमारतीत आमचं घर आहे. त्यांचे यजमान उपेंद्रराव तेव्हा म्हणाले होते, “अगं, इथे सुपरमार्केटमध्ये ढीगभर डबे मिळतात.” त्यांनी आणलेल्या प्लास्टिकच्या डब्यांपैकी आज एकही घरात उरलेला नाही, हे मी नम्रपणे सांगतो.

आमच्या इमारतीचा गार्ड ओकेलो युगांडाचा. दिवाळीला ताईंनी त्याला माझ्या एका धाकट्या भावंडातून फराळ दिला. त्याने तो डबा चकचकीत घासून रिकामा परत आणला. ताई हसून म्हणाल्या, “ओकेलो, हमारे में खाली डिब्बा वापस नहीं देते.” तो गंभीरपणे म्हणाला, “मॅडम, माय मदर सेज द सेम.” पुढच्या वेळी डबा भाजलेले शेंगदाणे घेऊन आला, आणि त्यानंतर कधीच रिकामा आला नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात ताई लेकीला, मिहिकाला, घेऊन भारतात निघाल्या. जाण्याआधी त्यांनी सोन्याच्या पाटल्या पांढऱ्या फडक्यात बांधल्या, त्यांची नेहमीची घट्ट दुहेरी गाठ मारली आणि माझ्या तळाशी तांदळात पुरल्या. बँकेत लॉकर आहे, पण ताईंचा विश्वास तांदळावर. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. उपेंद्ररावांना तर नाहीच.

ऑगस्टच्या उकाड्यात माझ्यात पोरकिडे झाले. उपेंद्रराव एकटे असले की बाहेरच जेवतात. त्यांनी मला उचललं आणि खाली ओकेलोच्या हातात दिलं. “ब्रदर, टेक राइस. थोडा किडा है, धूप में डालो.” पाटल्या माझ्या तळाशीच होत्या. ओरडायला तोंड होतं, आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओकेलोने तांदूळ उन्हात पसरला आणि पाटल्या बाहेर आल्या. गाठ सोडून त्याने आत काय आहे ते बघितलं. मग त्याने फडकं पुन्हा तसंच बांधलं. मला घासून पुसून कोरडं केलं, मांदाझी तळल्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोड फुगीर पुऱ्या, आणि मला गळ्यापर्यंत भरून वर पाटल्या ठेवल्या. मग तो मला परत द्यायला निघाला; त्या दिवशी त्याची सुट्टी होती, म्हणून अंगावर गणवेश नव्हता.

लॉबीत सुपरवायझर प्रल्हाद उभा होता. आपल्याच देशाचा माणूस. गोऱ्या भाडेकरूंसाठी तो स्वतः दार उघडून धरायचा. आफ्रिकेतल्या गार्डांच्या मात्र पिशव्या उघडून बघायच्या, असा त्याने नियमच केला होता. त्याने माझं झाकण काढलं, सोनं बघितलं आणि पोलिसांना फोन लावला.

“हे कुणाचं?” पोलिसाने विचारलं.

“कुंदा मॅडमचं.”

“तुझ्याकडे आहे हे त्यांना माहीत आहे?”

“नो, सर.”

तो खरं बोलला आणि अडकला. त्याच्या हातांत बेड्या पडल्या. मी पुरावा म्हणून ठाण्यातल्या टेबलावर आलो. सोनं तांदळात होतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि पोलिस प्रत्येक वेळी हसत होते. त्यांनी उपेंद्ररावांना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला. पाटल्या आमच्याच, ते म्हणाले, मी फक्त तांदूळ दिला होता. “माणूस चांगला आहे, पण...” त्या ‘पण’चा मला इतका राग आला की विचारू नका. केस उभी राहिली असती तर ओकेलोला तुरुंग, आणि मग कायमची परत पाठवणी. त्याच्या पगारावर त्याची बहीण गावाकडे नर्सिंग शिकत होती.

नशीब असं की ताई त्याच संध्याकाळी परत यायच्या होत्या. पुढचं मला मागाहून कळलं. विमानतळावरून येताना उपेंद्ररावांनी मोठ्या आनंदाने सांगितलं, की तुझ्या पाटल्या चोरणारा पकडला गेला. ताईंचा चेहरा उतरला. त्या एवढंच म्हणाल्या, “गाडी ठाण्याकडे घ्या. यल्ला, लवकर.”

ताई सामानासकट आत आल्या. नवऱ्यासमोर, सगळ्या ठाण्यासमोर त्यांनी सांगितलं, की सोनं मीच तांदळात लपवलं होतं. शरमेने त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता. “साब, चोर कभी डिब्बा धो के, मिठाई भर के वापस लाता है क्या?” मग त्यांनी फडक्याची गाठ सोडली. घडीतून तांदळाचे चार दाणे पडले आणि त्यांच्या मागोमाग एक पोरकिडा डुलत डुलत टेबलावर आला.

टेबलामागे बसलेले ठाण्याचे मोठे अधिकारी त्या किड्याकडे बघतच राहिले. मग हसून म्हणाले, “मेरा मदर भी सोना आटा के अंदर रखता.”

तेव्हा मिहिका बोलली. “अंकल, मिस्टर कॉलिन केप्ट माय मॉम्स फोन फॉर टू डेज. ही फाउंड इट इन द लिफ्ट. वी गेव्ह हिम केक. व्हाय डिड ओकेलो गेट हँडकफ्स?”

कॉलिनसाहेब म्हणजे आमचे समोरचे गोरे शेजारी. अधिकाऱ्यांचं हसू मावळलं. ते उठले, किल्ली मागून घेतली आणि स्वतः बेड्या काढल्या. “गलती हमारा है, ओकेलो,” ते म्हणाले. “केस खलास.” मग ओकेलोने मला पुढे केलं आणि त्यांनी एक मांदाझी उचलली. बघता बघता अर्धा पुरावा तिथेच खाल्ला गेला.

उपेंद्रराव ओकेलोजवळ गेले. “आय शुड नॉट हॅव सेड बट,” ते खाली मान घालून म्हणाले. ओकेलोने त्यांचा हात हातात घेतला.

आम्ही इमारतीत शिरलो तेव्हा मी ओकेलोच्या हातात होतो आणि तो सगळ्यांच्या पुढे होता. लॉबीतल्या इतर गार्डांनी टाळ्या वाजवल्या. कॉलिनसाहेबही उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रल्हादने दार उघडून धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ते अधिकारी स्वतः आले आणि प्रल्हादला म्हणाले, बघायच्या तर सगळ्यांच्या पिशव्या बघ, नाहीतर कुणाचीच बघू नकोस. तेव्हापासून कुणाचीच बघत नाहीत. चोरीही झालेली नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मी स्टीलचा आहे, पोचे पडले तरी चालतो. माणसाला पडलेला पोचा सहजी निघत नाही. म्हणून कुणाच्या हातात डबा दिसला तर आधी विचारा, आणि तो सांगेल त्यावर कॉलिनसाहेबांवर ठेवला तेवढाच विश्वास ठेवा.

पाटल्या आता लॉकरमध्ये आहेत. काल ताईंनी मला बिर्याणी भरून ओकेलोकडे पाठवलं होतं. आज सकाळी त्याने मला परत आणलं. लिफ्टमधून, पुढच्या दाराने, कुणी झाकण न उघडता, गळ्यापर्यंत भरून.